काँग गावात राहायला येताय? मग आधी हे वाचा

गेल्या वर्षभरात तिसऱ्यांदा कुणीतरी फोन करून तेच विचारलं, की अहो काँगजवळ नोकरी लागलीय, तिथे राहायचं कसं, काय मिळतं, काय मिळत नाही, मराठी कुणी आहे का. दर वेळी तासभर बोलून माझा घसा बसतो, त्यामुळे आता एकदाच सगळं लिहून टाकतो, पुढच्याला सरळ हेच पाठवीन.

आधी एक क्लिअर करू, काँग म्हणजे काँगो नव्हे. माझ्या मामांनी अख्ख्या सोसायटीत भाचा आफ्रिकेला गेला म्हणून सांगितलं होतं. हे आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो काउंटीतलं गाव आहे, गॉलवे काउंटीच्या अगदी सीमेवर. वर लॉख मास्क, खाली लॉख कॉरिब अशी दोन मोठी तळी आहेत आणि त्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर गाव वसलंय. आयरिश भाषेत काँग या नावाचा अर्थच तो, चिंचोळी जागा. गावठाणात दीड-दोनशे माणसं असतील, बाकीची आजूबाजूला विखुरलेली. आम्ही दोघं २०२१ ला आलो, बायको नर्सिंग होममध्ये नर्स आहे आणि मी घरून कॉम्प्युटरचं काम करतो. मूळचे कराडचे, त्यामुळे दोन पाण्यांच्या मध्ये राहायची सवय होती म्हणा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, बाकी सगळं तिच्यावरच चालतं. इथे कुठल्याही कामाला खिडकी नाही, माणूस आहे. आणि माणसाने तुमचं काम करायला त्याने तुम्हाला आधी दोन-चार वेळा बघितलेलं असावं लागतं.

घर शोधणं

वेबसाइटवर घर शोधाल तर काँगमध्ये बहुतेक वेळा शून्य दिसेल. घाबरू नका, घरं असतात पण ती वेबसाइटवर येतच नाहीत, दुकानात, चर्चच्या बाहेर, पबमध्ये तोंडी जातात. आम्हाला आमचं घर पेट्रोल पंपावरच्या बाईंनी सांगितलं. त्यांच्या बहिणीच्या दिराचं होतं. म्हणून पहिले काही दिवस बी अँड बी म्हणजे घरगुती लॉजमध्ये किंवा कंपनीने दिलेल्या खोलीत काढायचे आणि गावात हिंडून दिसेल त्याला सांगायचं की आम्ही घर शोधतोय.

इथे एक सापळा आहे. काँग हे टुरिस्टचं गाव. बरीच घरं सप्टेंबरपासून मे पर्यंत भाड्याने देतात, भाडंही बरं असतं, आणि उन्हाळा आला की मालक म्हणतो आता पाहुणे येणार, खाली करा. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याला ऐन मे महिन्यात सहा महिन्यांच्या बाळासकट घर शोधत फिरावं लागलं. त्यामुळे हे घर वर्षभरासाठी आहे का, हा पहिला प्रश्न, भाडं किती हा दुसरा. तिसरा प्रश्न बीईआर किती. घर किती ऊब धरतं त्याचं ते रेटिंग, ए पासून जी पर्यंत. एफ आणि जी वाल्या दगडी घराचा फोटो कितीही गोड आला तरी हिवाळ्यात तुम्ही आत स्वेटर घालून बसणार आणि बाहेर आभाळ तापवणार. डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही, तसा कायदा आहे, आणि भाडेकरार आरटीबी म्हणजे भाडेकरारांच्या सरकारी मंडळाकडे नोंदवायची जबाबदारी मालकाची.

मग पत्ता. आमच्या घराला नंबर नाही, रस्त्याला नाव नाही. पत्त्यात असतं आपलं नाव, मग टाउनलँड, मग काँग, मग काउंटी मेयो. टाउनलँड म्हणजे आपल्या कोकणातली वाडी समजा, सरासरी सव्वातीनशे एकरांचा तुकडा, त्याला शेकडो वर्षांचं नाव. उत्तर आयर्लंड धरून अख्ख्या बेटावर असे साठ हजारांवर टाउनलँड आहेत. एकाच वाडीत एकाच आडनावाची चार घरं असली तर पोस्टमन आपला हिशोब ठेवतो. २०१५ ला एअरकोड आला, प्रत्येक घराला सात अक्षर-आकड्यांचा वेगळा कोड, तो मात्र पहिल्या दिवशी पाठ करा. अँब्युलन्सला तोच सांगायचा, तेलाच्या टँकरवाल्याला तोच.

घरात शिरल्यावर

हा भाग कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गीझर शोधू नका, इथे इमर्शन असतं. कपाटात एक मोठी तांब्याची टाकी असते, तिच्यात पाणी तापवायचा रॉड, आणि बाहेर भिंतीवर दोन बटणं, एक चालू-बंदचं आणि दुसऱ्याच्या एका बाजूला सिंक, दुसऱ्या बाजूला बाथ. सिंक म्हणजे टाकीचं वरचं थोडं पाणी तापतं, बाथ म्हणजे अख्खी टाकी. आम्ही पहिला महिनाभर बाथवर ठेवून दिलं होतं, चोवीस तास, कारण आम्हाला वाटलं बाथरूमचं बटण आहे. बिल बघून बायको खाली बसली. इमर्शन चालू राहिलं का हा प्रश्न आयरिश घरात जितक्या वेळा विचारतात तितक्या वेळा आपल्याकडे गॅस बंद केला का विचारत असतील.

हीटिंग बहुतेक घरांत केरोसिनचं. मागच्या अंगणात हिरवी प्लॅस्टिकची टाकी, त्यात टँकरने तेल भरतात. टाकीत किती उरलंय ते स्वतः बघत राहायचं, कुणी सांगायला येत नाही. तेल पार संपलं तर बॉयलरच्या पाइपात हवा शिरते, मग नुसतं तेल भरून भागत नाही, मेकॅनिक बोलवावा लागतो, आणि हे हमखास शनिवारी रात्री होतं. काही घरांत चूल म्हणजे स्टोव्ह असतो, त्यात लाकूड किंवा टर्फ. टर्फ म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली मातीची वीट, दिसायला आपल्या गोवरीची बहीण, वासही असा की मला आजीची न्हाणीघरातली चूल आठवते. २०२२ पासून दुकानात टर्फ विकायला बंदी आहे, पण ज्यांचा बॉगवर म्हणजे दलदलीवर हक्क आहे ते आपलं आपलं कापतात आणि शेजाऱ्याला दोन पोती देतातही.

ओल. डीह्युमिडिफायर नावाचं यंत्र घ्या, उगाच काटकसर करू नका. कपडे घरात वाळत घातले की भिंतीला काळी बुरशी, मग मालक म्हणणार तुमच्या फोडणीमुळे झाली.

किटलीत पांढरा थर बसेल, घाबरू नका, सगळा परिसर चुनखडीचा आहे, पाणी जड. महिन्यातून एकदा व्हिनेगर उकळायचा. ही चुनखडी लक्षात ठेवा, पुढे कालव्याच्या गोष्टीत परत येणार आहे.

आणि सेप्टिक टँक. गावठाण सोडलं तर ड्रेनेज नसतं, सगळं अंगणातल्या टाकीत. म्हणून तळणीचं तेल, भाताचा लगदा, चहाचा चोथा, काही म्हणजे काही सिंकमध्ये ओतायचं नाही. आमच्याकडे पहिल्या दिवाळीनंतर चकलीच्या तेलाने टाकी तुंबली होती, ती उपसायला आलेल्या काकांनी झाकण उघडून माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी विसरणार नाही.

कागदपत्रं

हे थोडक्यात, कारण नियम बदलत राहतात आणि सरकारी साइटवर सगळं आहे. पीपीएस नंबर म्हणजे आपला आधार-पॅन एकत्र, तो पहिला. मग आयआरपी कार्ड, म्हणजे इथे राहायचा परवाना, फी ३०० युरो, दर मोठ्या माणसामागे, एअरपोर्टवरच्या शिक्क्यावर जी तारीख आहे ती उलटायच्या आत अर्ज करायचाच. बँकेला पत्त्याचा पुरावा लागतो, वीजबिल बँक खातं मागतं, हा खेळ सगळ्यांनाच खेळावा लागतो, त्यातून सुटका म्हणजे सरकारी खात्याकडून तुमच्या नावाने पोस्टाने आलेलं कुठलंही पत्र, ते फेकू नका. क्रेडिट युनियन नावाचा प्रकार आहे, म्हणजे शुद्ध पतसंस्था, सभासद व्हायचं, बचत करायची, मग कर्ज मिळतं. पहिल्या गाडीसाठी बँकेपेक्षा तिथे विचारा. मुलं असतील तर चाइल्ड बेनिफिटचा अर्ज करा, महिन्याला मुलामागे १४० युरो.

गाडी

गाडीशिवाय इथे हातपाय बांधल्यासारखं होतं. लोकल लिंकच्या बस आहेत पण त्यांच्या वेळा आणि तुमच्या शिफ्टच्या वेळा जुळणं म्हणजे पत्रिका जुळण्यापेक्षा अवघड. सगळ्यात जवळचं रेल्वे स्टेशन क्लेअरमॉरिस, डब्लिन-वेस्टपोर्ट लाइनवर, तिथे पोचायलाही गाडीच लागते. बाजारहाटाला बॅलिनरोब दहा-अकरा किलोमीटर, मोठं हॉस्पिटल कॅसलबारला, गॉलवे शहर पाऊण-एक तास.

डावीकडून चालवायचं आहे, तेवढं एक सुख. भारतीय लायसन्सवर सुरुवातीला चालवता येतं, १२ महिन्यांपर्यंत, पण ते इथल्या लायसन्सशी बदलून मिळत नाही. पंधरा वर्षं पुण्यात गाडी चालवली असली तरी थिअरी टेस्ट, लर्नर परमिट, क्लास, मग ड्रायव्हिंग टेस्ट, सगळं पहिलीपासून. टेस्टची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या महिन्यातच थिअरी उरकून घ्या. इन्शुरन्स पहिल्या वर्षी डोळे पांढरे करतो, भारतातल्या कंपनीकडून नो क्लेमचं इंग्रजी पत्र घेऊन या, काही जण मानतात काही नाही. गाडी चार वर्षांहून जुनी असली तर एनसीटी म्हणजे सरकारी तपासणी लागते, विकत घेताना तिचं सर्टिफिकेट अजून किती महिने आहे ते बघा.

छोट्या गावरस्त्यांची स्पीड लिमिट फेब्रुवारी २०२५ पासून ८० ची ६० केली. तसंही त्या रस्त्यांवर ६० म्हणजे धाडस आहे, दोन्ही बाजूला दगडी गडगे, मधोमध गवत उगवलेलं, आणि वळणावर ट्रॅक्टर. समोरून गाडी आली की ज्याच्याजवळ रुंद जागा तो मागे घेतो. आणि जाताना समोरचा स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. फक्त एक, तर्जनी. तुम्हीही उचलायचं. मी पहिले काही दिवस अख्खा हात हलवत होतो, वारीत पाहुणे दिसल्यासारखा, मग शेजाऱ्यांनी सांगितलं की एवढा उत्साह दाखवला की लोकांना वाटतं पुढे अपघात झालाय आणि तू थांबायला सांगतोयस.

डॉक्टर

जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवा, आजारी पडायच्या आधी. बऱ्याच जीपींची यादी भरलेली असते, पहिल्याने नाही म्हटलं तर पुढच्या गावाला फोन करा. फी साधारण ५० ते ७० युरो, आठ वर्षांखालच्या मुलांना फुकट, त्यांच्या कार्डासाठी अर्ज करायचा. रात्री किंवा रविवारी वेस्टडॉकला फोन. जीपीच्या चिठ्ठीशिवाय इमर्जन्सीत गेलात तर १०० युरो, आणि तास किती बसाल त्याचा भरवसा नाही, डबा घेऊन जा. अँब्युलन्स ११२ किंवा ९९९. नेहमीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या आणि त्यांचं जेनेरिक नावाचं प्रिस्क्रिप्शन घेऊन या, भारतातल्या ब्रँडची नावं इथे कुणाला कळत नाहीत.

बाजार आणि बॅग

गावात रोजच्या गरजेचं मिळतं, दूध पाव अंडी भाजी. आठवड्याचं सामान बॅलिनरोबच्या सुपरमार्केटमधून. डाळी, पोहे, हिंग, कढीपत्ता यासाठी गॉलवेला, आम्ही महिन्यातून एकदा जातो आणि मग डिकी उघडली की शेजारची मांजरं पळतात. पिशवी सोबत ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीवर २२ सेंटचा कर आहे. बाटल्या आणि कॅन चेपू नका, फेब्रुवारी २०२४ पासून त्यावर डिपॉझिट लागतं, अर्ध्या लिटरपर्यंत १५ सेंट, मोठीला २५, दुकानातल्या मशीनमध्ये टाकल्या की परत मिळतं, चेपलेली बाटली मशीन घेत नाही. कचरा न्यायला प्रायव्हेट कंपन्या आहेत, त्यांचं वर्षाचं बिल वेगळं.

बॅगेत काय आणायचं: कुकर, त्याच्या दोन जास्तीच्या रिंगा, पोळपाट-लाटणं, मसाले. मिक्सर चालतो, व्होल्टेज तेच आहे, फक्त प्लग बदलायचा. काय आणायचं नाही: तूप, पेढे, खवा, खारवलेलं मटण. युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टमवाल्याने बघितलं तर आईने केलेले पेढे डोळ्यांदेखत कचऱ्यात जातात. तुपाची काळजी सोडा. इथल्या गाई वर्षातले बरेच महिने हिरव्या गवतावर असतात आणि त्यांचं लोणी पिवळंधमक. साधं बिनमिठाचं आयरिश बटर घ्यायचं, जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायचं, फेस बसून तळाला बेरी तांबूस झाली की गाळायचं. रवाळ होतं. माझी आई आली होती तिने चमचाभर चाटून बघितलं आणि बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली गाईला काय घालतात विचारून ठेव.

पहिल्या रविवारचा फेरफटका

आता गाव बघा. गाडी घरी ठेवा, सगळं चालत होतं.

सुरुवात मठापासून. काँग अ‍ॅबी. सातव्या शतकात संत फेहीनने इथे मठ स्थापला असं मानतात, आत्ता दिसतात ते अवशेष त्यानंतरच्या ऑगस्टिनियन मठाचे, कोरीव दगडी दारं बघा, बोट फिरवून बघावंसं वाटतं. रॉरी ओ'कॉनर, आयर्लंडचा शेवटचा हाय किंग, नॉर्मन आल्यावर त्याची सत्ता सुटत गेली, तो शेवटी या मठात येऊन राहिला आणि ११९८ मध्ये इथेच वारला. त्याच्या बापाने, टर्लॉक ओ'कॉनरने, ११२३ मध्ये करवून घेतलेला क्रॉस ऑफ काँग आता डब्लिनच्या नॅशनल म्युझियममध्ये आहे, किल्डेअर स्ट्रीटवर. गावातल्या म्हाताऱ्यांना तो परत पाहिजे आहे. आपल्याकडे भवानी तलवारीचं जे आहे ना, तसंच साधारण.

मठाच्या मागे नदीवर एक छोटी दगडी खोली दिसेल, पाण्यावरच बांधलेली. साधूंचं मासेमारी घर. जमिनीत भोक आहे, त्यातून जाळं खाली सोडायचं, आणि म्हणे त्याची दोरी थेट मठाच्या स्वयंपाकघरातल्या घंटेला बांधलेली, मासा लागला की तिकडे घंटा वाजणार. घंटेचं खरं-खोटं फेहीन जाणे, पण त्या भोकातून खाली वाहणारं पाणी बघत बसलं की अर्धा तास सहज जातो.

तिथून जंगलात पिजन होल नावाची गुहा आहे, पायऱ्या उतरून खाली गेलं की अंधारात नदीचा आवाज येतो. लॉख मास्कचं पाणी जमिनीच्या वरून कॉरिबला जातच नाही, चुनखडीच्या भेगांतून खालून वाहत येतं आणि काँगमध्ये वर उसळतं. आता कालवा बघायला चला म्हणजे गंमत कळेल. १८४८ मध्ये, बटाट्याच्या दुष्काळात, लोकांना रोजगार हमीसारखं काम म्हणून दोन तळी जोडणारा कालवा खणायला घेतला, बोटी जातील असा, बोटी वर-खाली करायच्या लॉकची दारंबिरं बांधून. सहा वर्षं खणला. १८५४ मध्ये काम बंद. गावात गोष्ट अशी सांगतात की पाणी सोडलं आणि रात्रीत जमिनीने पिऊन टाकलं. पैसे संपत आले होते आणि तोपर्यंत गॉलवेला रेल्वेही आली होती हेही तितकंच खरं. पण उन्हाळ्यात त्या कोरड्या कालव्यात उतरून बघा, दगडाच्या चिरेबंदी भिंती, बोटी बांधायची सोय, आणि तळाला गवत आणि भेगा. भुकेल्या माणसांनी फावड्याने खणलेलं आहे ते. टुरिस्ट तिथे फारसे येत नाहीत, त्यांची बस किल्ल्यावर जाते.

किल्ला म्हणजे अ‍ॅशफर्ड कॅसल. मूळ १२२८ चा, डी बर्गो घराण्याचा, १८५२ मध्ये गिनेस बिअरवाल्या घराण्याने घेतला आणि वाढवला, १९३९ पासून हॉटेल. आत राहायचं भाडं विचारू नका. आसपासच्या पुष्कळ घरांची चूल मात्र त्या हॉटेलावर पेटते.

आणि तो पुतळा, बाईला उचलून घेतलेला पुरुष, तो जॉन वेन आणि ती मॉरीन ओ'हारा. १९५१ च्या उन्हाळ्यात जॉन फोर्डने इथे द क्वाएट मॅन या सिनेमाचं शूटिंग केलं आणि गाव अजून त्यावर जगतंय. सिनेमात जो पब दिसतो ते तेव्हा किराणा दुकान होतं, खराखुरा पब व्हायला पुढे कित्येक वर्षं गेली. सिनेमा एकदा बघून ठेवा, आवडो न आवडो, नाहीतर गावातले अर्धे विनोद कळणार नाहीत.

राहिला कॅप्टन बॉयकॉट. काँगहून बॅलिनरोबला जाताना द नील नावाचं गाव लागतं, तिथून जवळच लॉख मास्क हाउस. १८८० मध्ये चार्ल्स बॉयकॉट हा लॉर्ड अर्नचा तिथला कारभारी होता. कुळांनी खंड कमी करा म्हटलं, त्याने घराबाहेर काढायच्या नोटिसा काढल्या, मग लोकांनी त्याला हात न लावता वाळीत टाकलं. गडी येईनात, धोबी येईना, दुकानदार माल देईना. शेवटी पीक काढायला उत्तरेकडून पन्नास माणसं आणावी लागली आणि त्यांच्या राखणीला शेकडो सैनिक. पाचशे पौंडांचं पीक काढायला दहा हजार पौंड खर्च आला असं सांगतात. नोव्हेंबर संपता संपता साहेब गाव सोडून गेला. त्याचं आडनाव क्रियापद म्हणून वापरायची कल्पना द नीलचे पाद्री जॉन ओ'मॅली यांची मानतात. आपल्याकडे वाळीत टाकणं म्हणजे जातपंचायतीने गरिबाला छळणं, त्याच्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ चा कायदाही केला. इथे त्याच हत्याराने कुळांनी साहेबाला पळवलं. ते घर लांबूनच बघा, खाजगी आहे.

माणसं

कुणी चहा विचारला की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको, तिसऱ्यांदा बरं अर्धा कप द्या. हे आपल्याला शिकवावं लागत नाही. फक्त तुम्ही विचारताना एकदाच विचारून थांबू नका, समोरचा उपाशी जाईल.

कसं चाललंय विचारलं तर ग्रँड म्हणायचं, तब्येतीची कहाणी सांगायची नाही. भुरभुर पावसाला सॉफ्ट डे म्हणायचं. लिओ वराडकर पंतप्रधान झाल्यापासून, म्हणजे २०१७ पासून, मराठी आडनावं ऐकून लोक दचकत नाहीत, त्यांचे वडील मालवणजवळच्या वराडचे हे सांगितलं की पुढची दहा मिनिटं आरामात जातात. मात्र त्यांच्या राजकारणावर मत देऊ नका, आधी समोरच्याचा पक्ष कळू दे.

मयताला जा. हे मी अगदी मनापासून सांगतोय. मिडवेस्ट रेडिओवर रोज निधनाच्या बातम्या वाचतात, तेव्हा घरात बोलायचं नसतं. शेजारी, सहकारी, सहकाऱ्याची आई, कुणीही गेलं तरी लोक रांग लावून घरच्यांचा हात हातात घेतात, सॉरी फॉर युअर ट्रबल एवढंच म्हणतात आणि पुढे सरकतात. धर्म वेगळा म्हणून कुणी अडवत नाही. आमच्या पोस्टमनची आई गेली तेव्हा आम्ही गेलो होतो, रांगेत उभे राहून, काय बोलायचं ते पाठ करून. त्यानंतर आठवड्याभरात गावातल्या तीन माणसांनी मला पहिल्यांदा नावाने हाक मारली.

आणि मेयोचा फुटबॉल. आपला फुटबॉल नव्हे, गेलिक, हाताने पण खेळतात. मेयो शेवटची ऑल-आयर्लंड जिंकली १९५१ मध्ये, सिनेमाचं शूटिंग झालं त्याच वर्षी. त्यानंतर ११ वेळा फायनलला जाऊन हरलेत. म्हणे तेव्हाची टीम विजयाच्या नादात एका अंत्ययात्रेसमोरून गाणी गात गेली म्हणून शाप लागला. कुणाचा शाप, कुठे, विचारू नका, फक्त मान हलवा. आणि तुमचं घर सीमेच्या गॉलवेकडच्या बाजूला असलं तर मॅचच्या दिवशी झेंडा कुठला लावायचा ते मालकाला विचारून ठरवा. मेयोचा हिरवा-लाल, गॉलवेचा मरून.

शाळा

प्राथमिक शाळा बहुतेक चर्चच्या छत्राखाली. धर्माच्या तासाला मुलाला वगळा असं लिहून देता येतं, वेगळं बसवतात. दुसरीत बाकीच्या मुलांचा फर्स्ट कम्युनियन असतो, पांढरे झगे, पार्ट्या, तेव्हा आपलं पोर रुसतं, त्या दिवशी काहीतरी प्लॅन करून ठेवा. आयरिश भाषा शिकावी लागते, लहान मुलांना काही वाटत नाही. पश्चिमेला क्लॉनबरपासून आयरिश बोलणाऱ्यांचा मुलूखच सुरू होतो, पाट्याही तशा. माध्यमिकला बॅलिनरोब.

हिवाळा आणि जिन्याखालची पेटी

डिसेंबरात पावणेनऊला उजाडतं आणि साडेचारच्या आत सूर्य बुडालेला. व्हिटॅमिन डी घ्या, दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडा, अगदी पावसातसुद्धा. जूनमध्ये याची भरपाई होते, रात्री दहालाही उजेड.

वादळाचे इशारे मेट एरन म्हणजे इथलं हवामान खातं देतं, पिवळा, नारिंगी, लाल. पिवळ्याला कुणी भीक घालत नाही. लाल आला की घरात बसायचं. २४ जानेवारी २०२५ ला एओविन वादळ आलं, शुक्रवार होता, गॉलवेच्या किनाऱ्यावर मेस हेडला वारा ताशी १८४ किलोमीटर मोजला, देशात साडेसात लाखांवर घरा-दुकानांची वीज गेली. आमची आठ दिवस नव्हती. तेव्हा कळलं की केरोसिन भरलेलं असलं तरी बॉयलर विजेवर सुरू होतो, मोबाइलचा टॉवरही विजेवर चालतो, आणि स्वयंपाकाची शेगडीही विजेचीच. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे सत्तरीचे आजोबा ट्रॅक्टरच्या बकेटमध्ये टर्फची दोन पोती आणि एक जुनी गॅसची शेगडी घेऊन आले, दारात ठेवली, ग्रँड म्हणाले आणि गेले. त्या शेगडीवर मी त्यांच्यासाठी पोहे केले, वर लिंबू नव्हतं म्हणून व्हिनेगरचे दोन थेंब, त्यांनी चमच्याने एक-एक दाणा बघत खाल्ले आणि हे कुठलं धान्य विचारलं.

तेव्हापासून आमच्या जिन्याखाली एक पेटी आहे. छोटी गॅसची शेगडी आणि चार सिलिंडर, डोक्याला बांधायची बॅटरी, बॅटरीवरचा रेडिओ, पॉवर बँक, मेणबत्त्या, वीस लिटर पाणी, मॅगी, पोहे आणि आता एक लिंबाच्या रसाची बाटली. गॅस दार-खिडकी किलकिली ठेवूनच पेटवायचा. पाणी दर तीन महिन्यांनी बदलतो. तुम्ही ऑक्टोबरच्या आधी येत असाल तर तेवढी तयारी पहिल्या पगारातून करा, नंतर आलात तर आमच्या घरी या, एक जास्तीची शेगडी आहे. आजोबांची, परत न्यायला ते काही आलेच नाहीत.